वेगळा केलेला आवाज

१० फेब्रुवारी

मुख्याध्यापकांनी पत्र दिलं. तीन ओळी. चौकशी पूर्ण होईपर्यंत वर्गावर जाऊ नये. चौकशी १२ मार्चला.

क्लिप सतरा सेकंदांची आहे. शनिवार संध्याकाळपासून सगळ्या ग्रुपवर फिरते आहे. माझा दहावीचा वर्ग, शेवटच्या बाकावरून चोरून टिपलेला. मी फळ्यापाशी आहे. आवाज माझा आहे. मायाक्का नावाच्या विद्यार्थिनीबद्दल आणि तिच्या मेंढपाळ लोकांबद्दल मी बोलतो आहे. वाईट बोलतो आहे. ते शब्द इथे लिहीत नाही.

मी ते वर्गात बोललेलो नाही. सव्वीस वर्षं मराठी शिकवतो. वर्गात माझ्या तोंडून 'गाढवा' एवढाही शब्द गेलेला नाही. हे मी मुख्याध्यापकांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "सर, आवाज तर तुमचाच आहे की."

बाहेर आलो. दुसरा तास सुरू झाल्याची घंटा झाली. पाय आपोआप जिन्याकडे वळले. शिपायाने हाक मारली, "शिवयोगी सर, तिकडं नका."

दानेश्वरीने क्लिप एकदाच ऐकली. भांडी घासत होती. ओले हात तसेच धरून शेवटपर्यंत ऐकली. मी विचारलं, तुझा विश्वास आहे ना माझ्यावर? ती म्हणाली, "वर्गात तुम्ही असं बोलणार नाही."

बायकोने एवढं म्हणावं, यापुढे माणसाला काय हवं?

११ फेब्रुवारी

मंजुनाथ आला होता. विज्ञान शिकवतो. पंधरा वर्षांची मैत्री. आल्या आल्या म्हणाला, "अरे, यात अवघड काय आहे? चित्र एकीकडचं, आवाज दुसरीकडचा. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघ. नवरी रडते, सासरा शिंकतो, भटजी आचाऱ्याला ओरडतो. सगळं काढून वरून सनई लावली. कुणाला पत्ता तरी लागतो का?"

"मग माझा हा आवाज कुठून आणला?"

"ते मला काय माहीत?"

अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. तास आहे म्हणाला. आज त्याला चौथा तास नसतो, पण वेळापत्रक बदललं असेल.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, धीर धर. मी नेहमीप्रमाणे बोलून उत्तर पाठवलं. फोनवर मराठी टाईप करणं मला जमत नाही, आणि अशुद्ध काही पाठवणं त्याहून जमत नाही. त्यामुळे मी सगळ्यांना बोलूनच निरोप पाठवतो. त्याने लगेच लिहिलं, 'थोडे दिवस व्हॉइस मेसेज पाठवू नको.' माझी किती काळजी करतो.

१३ फेब्रुवारी

अशोक चौकामागच्या गल्लीत लग्नाचे व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ आहे. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. बोललेलं ऐकू येत नाही. खोलीत एक बाई एकटीच बसली होती. वय तिशीच्या आत.

"या सर. ओळखलं न्हाय ना?"

नाही म्हटलं.

"आठवी ब. प्रियदर्शनी. तुम्ही हजेरीला नुसतं 'दर्शनी' म्हणायचा. प्रिय कुणाची ते ठरू दे, मग जोडू, असं म्हणायचा."

ती हसली. मला आठवलं नाही. थट्टेत म्हणालो असेन.

क्लिप खोटी आहे असं लेखी दे, म्हणून विचारलं. तिने मान हलवली. "सही मी करणार न्हाय सर. आमच्या घरातपण आलीय ती क्लिप. आईनं चार वेळा ऐकली. मी म्हटलं, बास की. ती म्हणाली, ऐकू दे, मास्तर काय काय म्हणतोय ते नीट कळू दे."

मी उठलो.

"बसा. सही करत न्हाय, शिकवते. तुमच्या हातानं करा आणि तुम्हीच दाखवा. लोकांना कळेल."

"मला जमेल?"

"नापास पोरं दोन दिवसांत शिकतात. तुम्हाला चार लागतील."

१४ फेब्रुवारी

पडद्यावर वर चित्राची पट्टी. आवाज त्यालाच चिकटलेला. माऊसचं उजवं बटण दाबायचं, यादीतून 'डिटॅच ऑडिओ' निवडायचं. आवाज हिरवी पट्टी होऊन खाली उतरतो. मग चित्र हलवलं तरी आवाज हलत नाही. आवाज पुसला तरी चित्र राहतं.

मी म्हटलं, हे संधी सोडवण्यासारखं आहे.

"संधीतच माझे मार्क गेले," ती म्हणाली.

पहिल्याच झटक्यात दोन्ही वेगळे झाले. इतकं सोपं आहे. माझं नाव घालवायला कुणाला पाच मिनिटंही लागली नसतील.

१७ फेब्रुवारी

चुका करतो. आज आवाजाची पट्टी चुकून पुढे सरकली. पडद्यावर मी गप्प उभा, आणि माझा आवाज आधीच बोलून मोकळा. परवा चित्रच पुसलं. प्रियदर्शनी म्हणते, आधी कॉपी करून ठेवा, मूळ फायलीला हात लावायचा न्हाय.

माग चालू असताना आवाजाचं काम होत नाही. वीज गेली की गल्ली एकदम शांत होते. तेव्हा ती इन्व्हर्टरवर आवाजाचं काम उरकते. मी वीज जाण्याची वाट बघत बसतो.

घरी येताना दूधवाल्याने विचारलं, "सर, हल्ली शाळेला सुट्टी?" त्याला सगळं माहीत होतं.

कुणाचाही फोन येत नाही. सव्वीस वर्षांत तीन हजार मुलं हाताखालून गेली असतील.

२१ फेब्रुवारी

दहावीचा मराठीचा पेपर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच या दिवशी मी घरी होतो. अकरा वाजता खुर्चीवर बसलो, दोन वाजता उठलो.

मंजुनाथने कळवलं. पेपर सोपा होता. मायाक्का आली नाही. एक बाक रिकामा राहिला.

हे माझ्या विरोधात जाणार. ती बसली असती तर बरं झालं असतं. तशी ती मराठीत सुटली असती की नाही, शंकाच आहे. 'नाही'ला 'न्हाय' म्हणते आणि उत्तरपत्रिकेतही तसंच लिहिते. कितीदा सांगितलं. सांगून सांगून शेवटी मी सोडून दिलं होतं.

२३ फेब्रुवारी

घरात पंधरवड्यात भाकरी झालेली नाही. चपाती, भात, पुन्हा चपाती. शेंगाचटणी चपातीशी लागत नाही. ज्वारी संपली का म्हणून विचारलं. डबा भरलेला आहे. "हात दुखतो," दानेश्वरी म्हणाली. कणीक मळताना दुखत नसावा.

तिची आई अक्कम्मा मैंदर्गीहून फोन करते. दोघी कन्नडमध्ये हळू बोलतात. मी खोलीत गेलो की ती "साकु", पुरे, म्हणून बोलणं आवरतं घेते. कन्नड मलाही येतं. तरी गप्प होते.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. देवळात गेलो नाही. तिथे निम्मे लोक माझे विद्यार्थी असतात.

कंबर तलावाच्या काठी तीन तास बसलो. पाण्याकडे बघत होतो. एक माणूस दुरून दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, घरी जावा आता." तेव्हा लक्षात आलं, मी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. गरम होत होतं म्हणून काढल्या होत्या.

वर्ग सोडला तर मला दुसरं काही येत नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगता येत नाही.

१ मार्च

दुपारी वीज गेली. माग थांबले.

प्रियदर्शनी म्हणाली, "सर, तुम्ही नुसते शब्द ऐकता. शब्द ऐकू नका. दोन वाक्यांच्या मधली जागा ऐका. माणूस गप्प झाला की खोली बोलायला लागते. डोळे मिटा."

हिरवी पट्टी मोठी केली. बोलण्याचे उंच डोंगर. त्यांच्यामध्ये मोकळी जागा. पण ती अगदी मोकळी नव्हती. प्रत्येक जागेत तीन-चार लहान टेकड्या, सारख्या अंतरावर. तेवढ्याच भागाचा आवाज वाढवला. डोळे मिटले.

थप. थप. थप. मग काहीतरी परातीवर फिरल्याचा घासता आवाज. पुन्हा थप. थप.

कुणीतरी भाकरी थापत होतं.

मी ओरडलो. वर्गात कुणी भाकरी थापत नाही! हा आवाज वर्गातला नाही. याहून मोठा पुरावा कोणता हवा? पाच आठवड्यांत, नाही, तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा हसलो. दिवस मोजणंही सुटलं आहे.

प्रियदर्शनी हसली नाही. "कुणाच्या घरातला असेल सर?"

"कुणाच्याही असेल."

"बोलणारे तर तुम्हीच आहात."

मी पट्टी पुन्हा लहान केली. वीज आली. माग सुरू झाले.

२ मार्च

आता ते शब्द लिहितो.

"ह्या लोकांना अक्षर शिकवायचं म्हणजे अक्षराची विटंबना आहे. ती मायाक्का वाचायला उभी राहिली की वर्गात कळप शिरल्यासारखं वाटतं. जन्मभर मेंढरं हाकायची, त्यांना व्याकरण कशाला?"

सकाळी फोन घेऊन बसलो. मंजुनाथला पाठवलेले जुने निरोप मागे मागे नेत गेलो. १३ जानेवारी. भोगी. शाळेला यात्रेची सुट्टी होती. सहामाहीचे राहिलेले पेपर घरी तपासत होतो. निरोप सतरा सेकंदांचा.

दाबला. माझा आवाज. मागे थप, थप.

दानेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "सापडलं?"

"तुला माहीत होतं?"

"माझ्या हाताचा आवाज मला कळणार नाही होय? भोगीच्या बाजरीच्या भाकरी त्या. अकरा थापल्या होत्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी म्हटलं होतं, वर्गात तुम्ही असं बोलणार नाही. वर्गात नाही बोललात."

ती आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

४ मार्च

मंजुनाथला घरी बोलावलं. निरोप वाजवला. त्याने ऐकून घेतला. खोटं बोलला नाही, एवढं म्हणतो.

"स्टाफरूममध्ये ऐकवला होता. एकदाच. गंमत म्हणून."

"यात गंमत कसली?"

"तू बोलतोस भारी, यार. अक्षराची विटंबना! सगळे हसले. मग एकाने मागितला, मी पाठवला. पुढं कुठं गेला, देवाला माहीत."

"सगळे हसले?"

"सगळे."

मग तो पुढे सरकून बसला. "हे बघ शिवयोगी. हल्ली मशीन कुणाचाही आवाज काढतं. मंत्र्यांचा काढतं, मेलेल्यांचा काढतं. आपण तेच म्हणायचं. आवाज मशीनचा आहे. समितीतले तिघंही साठीच्या पुढचे. माना हलवतील. मी माझ्या फोनमधून काढतो, तू तुझ्यातून काढ."

माझ्यासमोर त्याने आपल्या फोनमधला निरोप काढला. मी माझा फोन उशीखाली ठेवला.

५ मार्च

मशीनचा आवाज. काल ऐकलं तेव्हा किळस आली होती. आज नाही आली.

८ मार्च

दोन दिवस थप पुसतो आहे.

मोकळ्या जागांमधला पुसता येतो. जागा कापायची, आवाज शून्यावर आणायचा. पण थप शब्दांच्या खालीही आहे. 'कळप' शब्दाच्या आत एक आहे. 'व्याकरण'मध्ये दोन. तो कापायला गेलं की शब्दच कापला जातो.

प्रियदर्शनी मागे येऊन उभी राहिल्याचं कळलं नाही.

"काय पुसताय सर?"

"खरखर आहे."

"ती खरखर न्हाय." ती खुर्ची ओढून बसली. "चित्रापासून आवाज सुटतो. आवाजापासून आवाज माझ्या मशीनवर सुटत न्हाय. मोठ्या स्टुडिओत सुटत असेल. तिकडं जावा."

"तू समितीला सांगणार?"

"मला काय गरज? मी आठवीतच सांगायला पायजे होतं." काय सांगायचं होतं ते मी विचारायच्या आत, "सोमवारपासून लग्नाची कामं हायत सर. मशीन मोकळं नसेल," म्हणाली.

११ मार्च

उद्या.

दानेश्वरीला सांगितलं, मशीनचा आवाज म्हणणार आहे.

"आणि भाकरी?" ती म्हणाली. "तीपण मशीननंच थापली?"

"तो आवाज हळू आहे. कुणाला ऐकू येणार नाही."

"मला आला."

"तू तिथे नसशील."

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "ते बोलताना तुम्ही हसत होता. मी पाठमोरी होते, तरी मला कळलं. मीपण हसले होते. एवढं लक्षात ठेवा आणि काय म्हणायचं ते म्हणा."

हे अक्षर माझं वाटत नाही.

१२ मार्च

शाळेच्या प्रयोगशाळेत. भिंतीवर पडदा लावला होता. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी एक वकील आणि संस्थेतल्या जुन्या, निवृत्त झालेल्या एक बाई. मंजुनाथ दाराशी. कोपऱ्यात मायाक्काचे वडील, तात्याबा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. त्यांना खुर्ची दिली होती. ते उभेच राहिले.

मी मागून आणलेला लॅपटॉप जोडला. उजवं बटण. आवाज खाली उतरला. तिघांनी माना हलवल्या. वकील म्हणाले, "अरे वा, एवढं सोपं?" चित्र झाकलं आणि नुसता आवाज लावला. तो संपला की वाक्य म्हणायचं होतं, हा आवाज यंत्राने तयार केलेला आहे. वाक्य पाठ होतं.

आवाज संपला. बाईंनी हात वर केला. "मागं काय वाजतंय हो?"

"काही नाही. खरखर."

"परत लावा."

परत लावला.

"भाकरी थापतंय कुणीतरी," बाई म्हणाल्या.

वकील हसले. "बाई, जेवणाची वेळ झाली वाटतं."

"हसू नका. चाळीस वर्षं थापतेय मी. हात संथ पडतोय, म्हणजे ज्वारी नाही. बाजरी आहे, चिरत असणार, म्हणून जपून थापतेय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुणाचं घर आहे हे, सर?"

मंजुनाथ माझ्याकडे बघत होता.

"माझं," मी म्हणालो.

का म्हणालो ते कळत नाही. धैर्य नव्हतं ते. बाईंनी हजेरी घेतल्यासारखं विचारलं, आणि मी हजर म्हटल्यासारखं उत्तर दिलं.

मग सगळं सांगितलं. फोन दाखवला. तारीख दाखवली. शब्द माझे आहेत, घरी बोललो, एका मित्राला पाठवले. मित्राचं नाव सांगितलं नाही. मंजुनाथ तोवर दाराशी नव्हता.

मला वाटलं, संपलं. पण वकिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे वर्गात हे उच्चारलं गेलंच नाही! वर्गातलं चित्र, त्यावर घरातला आवाज. जोडकाम आहे हे. आपली चौकशी वर्गातल्या वर्तनाची आहे." अध्यक्षांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला, खोटं कशाला लिहू. अध्यक्ष म्हणाले, "नोंदीसाठी ते चित्र बिनआवाजाचं एकदा बघून घेऊ, आणि उठू."

मी आवाजाची पट्टी पुसली. चित्र लावलं.

ही क्लिप मी शंभरदा लावली असेल. पण फोनवर ती बोटाएवढी होती, आणि स्टुडिओत एकतर डोळे मिटलेले, नाहीतर नजर खालच्या हिरव्या पट्टीवर. भिंतीएवढी आणि मुकी अशी आज पहिल्यांदा बघितली.

तिसऱ्या बाकाशी मायाक्का उभी आहे. पुस्तक दोन्ही हातांत. डोकं ओळींबरोबर हलतं आहे. ती वाचते आहे. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहितो आहे. वळून न बघता माझा डावा हात वर जातो आणि खाली दाबल्यासारखा दोनदा हलतो. बस. तिला ते दिसत नाही, ती वाचतच राहते. मग तोच हात मनगटातून झटकतो, एकदा, दोनदा, तीनदा. अंगणात शिरलेलं जनावर हाकलतात तसा. पुढच्या बाकांवरचे खांदे हसून हलायला लागतात. मायाक्का बसते. पुस्तक तोंडासमोरून खाली घेत नाही. मी लिहीतच आहे. एकदाही वळलेलो नाही.

सतरा सेकंद.

तात्याबा पुढे आले, पडद्याच्या अगदी जवळ. "परत लावा."

लावलं.

"ह्यात आवाज न्हाय व्हय?"

"काढला आहे," मी म्हणालो.

"बरं केलं. आवाज हुता तवर आमाला ह्ये दिसलंच न्हवतं." ते पडद्याकडेच बघत होते. "पोरगी पैल्या दिसापासनं म्हनतीया, आबा, सर त्ये बोलले न्हाईत. सर काय बोलतच न्हाईत मला. आमाला वाटलं, मास्तराला झाकतीया. लई मारली तिला, खरं सांग म्हनून."

बाईंनी विचारलं, "मग परीक्षेला का नाही बसली?"

"त्ये तिलाच ठावं. म्हनली, आता कुनाला वाचून दावायचं न्हाय."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "तात्याबा, तुमची तक्रार शब्दांबद्दल आहे. हाताबद्दल तक्रार नाही."

"न्हाय," तात्याबा म्हणाले. "हाताची कशी करायची, सायेब? कागदावर काय लिवायचं?"

त्यांनी घोंगडं सावरलं आणि गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

१३ मार्च

त्या दिवशी फळ्यावर मी काय लिहीत होतो, आठवत नाही. ती काय वाचत होती, तेही नाही.

१९ मार्च

जुलैच्या परीक्षेची माहिती आणि अर्ज मायाक्काला पोचवशील का, म्हणून विचारायला प्रियदर्शनीकडे गेलो. ती एका लग्नाला गाणी लावत होती. काम थांबवलं नाही.

"मी नेऊन देणार न्हाय सर. तुमचं तुम्ही जावा. केमच्या बाजूला बसलीत म्हणे त्यांची मेंढरं."

"ती माझ्याशी बोलेल?"

"कशाला बोलेल?"

२० मार्च

केमला गेलो. स्टेशनपासून चार किलोमीटर चालत. ऊन. शेत सापडलं. शेतात मेंढरं नव्हती. लेंड्यांचं खत पडलं होतं, तीन दगडांची चूल होती, राख गार होती.

शेतकरी बांधावर उभा होता. "परवाच उठून गेलं की. तुमी कोन, ब्यांकेचं का?"

"शिक्षक आहे. तात्याबांची मुलगी माझ्या वर्गात आहे."

"ती मायाक्का व्हय? लई गुनी. माज्या पोराचा धडा रोज म्हनून घ्यायची हितं बसून. खड्या आवाजात वाचती. पार त्या विहिरीपतूर ऐकू यायचं."

"कुठे गेले असतील?"

"आता त्यास्नी पत्ता असतोय व्हय सर? जितं चारा, तितं."

अर्ज त्याच्याकडे ठेवला. पुन्हा आले तर देतो म्हणाला. घडी घालून त्याने तो टोपीत ठेवला.

परतीची गाडी दोन तास उशिरा होती. विहीर शेतापासून किती लांब होती, तेवढंच मनात मोजत बसलो. दोनशे पावलं तरी असेल. माझ्या वर्गात ती इतकी हळू वाचायची, की मला ऐकू येत नसे.

२४ मार्च

आदेश आला. 'वर्गात सदर उद्गार काढल्याचे सिद्ध होत नाही. यापुढे समाजमाध्यमांच्या वापराबाबत दक्षता बाळगण्याची समज देण्यात येत आहे. त्वरित रुजू व्हावे.'

दानेश्वरीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मिळालं ना तुमचं तुम्हाला?" आणि डबा कितीला हवा ते विचारलं.

मंजुनाथने गुलाबाचं चित्र पाठवलं. चौकशीत पडद्यावर काय दिसलं, ते दूधवाल्यालाही माहीत होतं.

२६ मार्च

नववी अ. तिसरा तास.

आत गेलो तेव्हा सगळे उभे राहिले. बसा म्हटलं. बसले. खडू घेतला, फळ्याकडे वळलो, आणि लिहिता येईना. पाठ करून उभं राहता येईना. पुन्हा वर्गाकडे वळलो.

म्हटलं, आज वाचन घेऊ. कोण वाचेल?

कुणी उठलं नाही. एरवी पहिल्या दोन बाकांवरची मुलं हात वर करून उठतात. मी हजेरीतला पहिला क्रमांक पुकारला. मुलगी उभी राहिली. पुस्तक मिटलेलंच होतं.

"सर, तुमीच वाचा की," ती म्हणाली. उर्मटपणे नाही, अगदी साधेपणाने.

दुसरा क्रमांक. विरेश नावाचा मुलगा. "तुमीच वाचा सर."

तिसरा पुकारला नाही. पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. दीड पान वाचलं. आवाज स्वच्छ होता, उच्चार शुद्ध होते. वर्ग इतका शांत कधीच नसतो. मला बरं वाटायला लागलं होतं, हेही लिहितो.

पान उलटताना मान वर केली. कुणाचंही पुस्तक उघडं नव्हतं. मी वाचतो आहे याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चाळीस मुलं माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

मी तो टेबलाखाली घेतला.